जोतिबावरचा मुक्काम

आपल्या सोसायटीतली मंडळी माथेरान-महाबळेश्वरला जाऊन आली की तिथल्या जुन्या हॉटेलांचं कौतुक सांगतात. लाकडी व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, साहेबाच्या काळातली कपबशी. माथेरान साहेबाला १८५० मध्ये सापडलं, १९०७ मध्ये तिथं छोटी रेल्वे गेली. आपला जोतिबाही डोंगरच की! आणि माणसं तिथं त्याच्या कितीतरी आधीपासून मुक्कामाला जातात. मग ती उतरायची कुठं?

गुरवाच्या घरी.

वाडी रत्नागिरीतलं आजचं मोठं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं, शेजारचं केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. चैत्र पौर्णिमेला पाडळीची मानाची सासनकाठी थेट सातारा जिल्ह्यातून येते. इतक्या लांबून चालत आलेला माणूस त्याच दिवशी परत कसा फिरणार? देवळाभोवतीची पुजाऱ्यांची घरं हीच त्याची सोय.

आमचं मूळ गाव वाळव्याकडचं. आमचे गुरव आजोबांच्या आधीपासून ठरलेले. त्या घराला पाटी नव्हती, दरपत्रक नव्हतं. सोप्यात घोंगडी अंथरलेली, मागं तीन चुली. आई घरून डाळ, गूळ, कणीक न्यायची. गुरवकाकू पाटा-वरवंटा काढून द्यायच्या आणि पुरणपोळीचा नैवेद्य तिथंच शिजायचा. पाण्याचे मात्र हाल. एक कळशी सांडली म्हणून मी आईचा धपाटा खाल्लेला अजून आठवतो. रात्री दोन-तीन गावांची माणसं एकाच सोप्यात झोपायची. माझ्या आत्याचं लग्न तिथंच ठरलं, म्हणजे हॉटेलात होत नाहीत अशीही कामं तिथं व्हायची! निघताना आजोबा दक्षिणा आणि उरलेला शिधा ठेवायचे. किती, ते कुणी मोजलं नाही.

पुढं गाडीरस्ता झाला, एसटी वर जाऊ लागली आणि मुक्काम तुटला. आमची शेतीही गेली, गावचं घर पडलं.

मागल्या वर्षी मुलाला घेऊन मुद्दाम राहायला गेलो. त्या जागी आता तीन मजली लॉज आहे. गल्ल्यावर गुरवांचा नातू. "गाव कुठलं?" त्यानं विचारलं. मुलानं आपल्या सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर सांगितला. मी गावाचं नाव घेतलं तसा तो उठून उभा राहिला. "मग तुम्ही आमचेच की, काका! आज्जी असती तर वळखली असती तुम्हाला." आमच्या गावाचं नाव घेऊन कुणी ओळख देईल अशी माझ्यासाठी तेवढीच एक जागा उरलीय, हे मला तिथं कळलं. आधार कार्डाची झेरॉक्स त्यानं घेतलीच. पण चहाचे पैसे घेतले नाहीत.

माघातल्या खेट्याला आपण दरवर्षी पहाटे चारला निघतो, कुशिऱ्यावरून गायमुख चढतो आणि जेवायला घरी परततो. यंदा एक रात्र वर राहूया, असं मी मीटिंगमध्ये सुचवलंय. आत्तापर्यंत तीन नावं आलीत. त्यातलं एक माझं, एक सौं.चं.