गिरिपुष्पांची चित्रस्पर्धा

बागकामाची हौस असलेल्या मंडळींनी एकत्र जमून एक संस्था काढावी, संस्थेने डोंगरी फुलांच्या छायाचित्रांची स्पर्धा जाहीर करावी, आणि त्यांतील निवडक चित्रे आपल्या त्रैमासिकात छापावीत, हा प्रकार वरवर पाहणारास निव्वळ रिकामपणचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. चित्रे काढणारे धंदेवाईक नव्हेत, हौशी. फुलेही अशी की, ती बाजारात विकावयास येत नाहीत, देवाला वाहिली जात नाहीत, आणि वेणीत तर मुळीच माळता येत नाहीत. असे असूनही इंग्लंडातील आल्पाइन गार्डन सोसायटी, स्कॉटलंडातील स्कॉटिश रॉक गार्डन क्लब आणि अमेरिकेतील रॉक गार्डन सोसायटी या संस्थांच्या जीवनात छायाचित्राला मानाचे स्थान मिळाले. पहिली संस्था १९२९ सालची, दुसरी १९३३ सालची, तिसरी १९३४ सालची; तिन्ही आजही चालू आहेत. छायाचित्राला हा मान कसा मिळाला, हे शोधू गेल्यास हाती लागतो तो एका हव्यासाचा इतिहास, आणि त्या हव्यासाला फार सावकाश बसलेल्या आवराचा इतिहास.

ही फुले कोणती, हे आधी सांगितले पाहिजे. आल्प्स पर्वतावर साडेसहा-सात हजार फुटांच्या वर गेले म्हणजे झाड म्हणून उभे राहत नाही. तेथून कायमच्या बर्फापर्यंत जो उघडाबोडका पट्टा उरतो, तो या वनस्पतींचा मुलूख. वर्षाचा बराच काळ बर्फाखाली दडपून राहावयाचे आणि उरलेल्या थोड्या आठवड्यांत पालवी, फुले, बी असा सारा संसार उरकून घ्यावयाचा. कासच्या पठारावर भाद्रपदात खडकावरच्या बोटभर मातीत फुलांची जी घाई उडते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या धांदलीची थोडीफार कल्पना येईल. हवामान मात्र अगदी निराळे. वाऱ्याच्या भयाने ही झाडे अंग चोरून जमिनीला बिलगतात. कित्येक जातींचा आकार तर गच्च भरलेल्या उशीसारखा असतो. वर वितभर हिरवळ, आणि मुळे खडकाच्या फटीत कितीतरी खोल. ‘सायलीन अकॉलिस’ नावाच्या वनस्पतीची अशी एकेक उशी शंभराहून अधिक वर्षे जगते. ती खुरप्याने उपटावयास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आणि उपटणारे पुष्कळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आल्प्सच्या खोऱ्यांत आगगाड्या शिरल्या, हॉटेले झाली, उन्हाळ्यात प्रवाशांची रीघ लागली. १८७० साली विल्यम रॉबिन्सन याने इंग्लंडच्या बागांत आल्प्सची फुले कशी लावावीत यावर पुस्तक लिहिले, आणि घराच्या मागे दगडांची रास रचून तीत पर्वतावरची झाडे लावण्याचे वेड मध्यमवर्गात पसरले. श्रीमंतांनी तर कमालच केली. हेन्ली येथे सर फ्रँक क्रिस्प या धनाढ्य वकिलाने आपल्या बागेत मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृतीच उभारली आणि तिच्यावर धातूची रानबकरी चरावयास ठेवली! दगडांच्या अशा डामडौलावर रेजिनाल्ड फॅरर या लेखकाने १९१४ साली एका मित्राच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत चिमटे काढले. मित्र बिचारा एडवर्ड बोल्स, स्वभावाने अत्यंत सौम्य. क्रिस्प साहेबांनी रागाने उत्तरादाखल पत्रक छापले, आणि एलन विलमॉट या नामांकित बागवान बाईंनी ते चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाच्या दारात उभे राहून वाटले. फुलांच्या जगातील भांडणे काट्यांच्या जगातील भांडणांपेक्षा सौम्य असतात, असे समजण्याचे कारण नाही.

या साऱ्या बागांत झाडे येत होती ती बहुतेक पर्वतावरून उपटून. ही गोष्ट ज्याच्या मनाला प्रथम लागली त्यांत जिनीव्हाच्या आंरी कोरेव्हाँ याचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. हा स्वतः रोपे विकणारा माणूस होता. म्हणजे ज्या व्यापाराने पर्वत उजाड होत होते, त्याच व्यापारातला. १८८३ साली त्याने वनस्पतींच्या संरक्षणासाठी एक मंडळ स्थापिले, आणि पुढल्या वर्षी एक बाग काढून असे दाखवून दिले की, ही झाडे बियांपासून वाढविता येतात. त्यासाठी डोंगर खणण्याची गरज नाही. विकणाऱ्यानेच ‘उपटू नका’ म्हणावे, यात एक प्रकारचा सच्चेपणा आहे. परंतु बी पेरून तीनचार वर्षे वाट पाहणारे थोडे, आणि खुरपे घेऊन जाणारे पुष्कळ, ही स्थिती काही लगेच पालटली नाही. खुद्द फॅरर हाही पर्वतावर झाडे खणून घरी पाठवीत असे. त्याच्या १९०७ आणि १९१९ सालच्या ग्रंथांनी शिलोद्यानाचा छंद घरोघर नेला. पुढे १९२० साली, नव्या फुलांच्याच शोधात असताना, उत्तर ब्रह्मदेशातील डोंगरांत चाळिसाव्या वर्षी त्याला मरण आले.

या मंडळींचा गर्व उतरविला तो मात्र एका इवल्याशा झाडाने. त्याचे शास्त्रीय नाव ‘एरिट्रिकियम नानम’. आल्प्सच्या उंच कड्यांवर, जेथे दुसरे काही तग धरीत नाही अशा फटीत, रेशमी लव असलेली त्याची गादी वाढते आणि उन्हाळ्यात ती निळ्याभोर फुलांनी झाकून जाते. हा निळा रंग ज्याने पाहिला तो वेडा झाला. फॅररही झाला. पण हे झाड खाली आणले की मरते. इंग्लंडचा ओला, धड ना थंड धड ना उबदार असा हिवाळा त्याला सोसत नाही. कुंड्या बदलल्या, वाळू बदलली, वर काच घातली. निष्णात माळ्यांच्या हातूनही ते क्वचितच तगले. पैसा, बाग, नोकरचाकर सर्व असून जी वस्तू आपली होत नाही, ती घरी न्यावयाची तरी कशी? याचे एकच उत्तर होते, आणि ते पाठीवरच्या पेटीत, तिकाटण्याच्या शेजारी होते.

तेही उत्तर सुरुवातीला अपुरेच होते. जुन्या काळच्या फोटोच्या काचेला निळा रंग फार लवकर दिसे आणि पिवळा-तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणाम असा की, निळे जेन्शियन चित्रात पांढरेफटक उमटे आणि पिवळेधमक फूल काळवंडून जाई. १८७३ साली जर्मन शास्त्रज्ञ फोगेल याने काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून हा दोष कमी करण्याची वाट दाखविली; भिंगापुढे पिवळी काच धरण्याची युक्तीही निघाली. तथापि चित्र अखेर काळ्या-करड्या छटांचेच. रंग आला तो १९०७ साली, फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंच्या ‘ऑटोक्रोम’ काचांमधून. या काचांची घडण मोठी मौजेची आहे. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून, एकत्र मिसळून, काचेवर पसरीत. एका चौरस इंचात सुमारे ४० लाख कण बसत. या कणांतून गाळून आलेल्या प्रकाशाने मागील लेपावर चित्र उमटे. मात्र या गाळणीत प्रकाश फार वाया जाई. म्हणून भर उन्हातही काच सेकंद-दोन सेकंद उघडी ठेवावी लागे. आणि आठ हजार फुटांवर फूल दोन सेकंद स्थिर राहील, हे कोणी सांगावे? वारा पडण्याची वाट पाहत माणसे तासन्‌तास खडकावर पालथी पडून राहत.

अशा माणसांपैकी सॉमरव्हिल हेस्टिंग्ज हे लंडनमधील एक शस्त्रवैद्य होते. पुढे ते मजूर पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून गेले आणि इंग्लंडमधील सरकारी वैद्यकीय सेवेच्या चळवळीत त्यांनी आयुष्य वेचले. त्यांनी १९१० साली आल्प्सच्या उन्हाळी फुलांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात स्वतः घेतलेली रंगीत छायाचित्रे छापली. कुंचल्याने रंगविलेली नव्हेत. प्रत्यक्ष प्रकाशाने उमटलेली. हौशी माणसाचे हे काम पाहिले म्हणजे ‘हौशी’ या शब्दातील हलकेपणा गळून पडतो.

पुढचा टप्पाही हौशी माणसांनीच गाठला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९३५ साली सिनेमासाठी आणि १९३६ साली साध्या कॅमेऱ्यासाठी निघालेली ‘कोडाक्रोम’ फिल्म लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गॉडोव्स्की या दोघांनी शोधून काढली. एक पियानो वाजविणारा, दुसरा व्हायोलिन. या फिल्मने जड काच गेली, तिकाटणे हलके झाले, आणि खिशात मावेल अशा कॅमेऱ्याने शाळामास्तरही फुलाचे रंगीत चित्र काढू लागला. शिलोद्यानाच्या नव्या संस्था याच सुमारास उभ्या राहत होत्या, हा योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला. हिवाळ्याच्या संध्याकाळी दिवे मालवून पडद्यावर पर्वत पाहण्याची सभा हा संस्थेच्या वर्षातील आवडता प्रसंग होऊन बसला.

निळ्याने मात्र येथेही दगा दिलाच. कित्येक निळी फुले डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश परतवीत असतात. डोळा तो पाहत नाही, फिल्म पाहते. त्यामुळे निळे फूल चित्रात जांभळट, गुलाबीसर होई, आणि फिल्म धुणाऱ्याचा त्यात काहीच दोष नसे. अशा वेळी परीक्षकाने काय करावे? ज्याने ते फूल जागेवर पाहिले आहे त्याला चित्र खोटे वाटणार. ज्याने पाहिले नाही तो ते सुंदर म्हणणार.

स्पर्धेने जे खरे काम केले ते याहून वेगळे. या संस्थांची जुनी रीत कुंड्यांच्या प्रदर्शनाची. टेबलावर झाड मांडावयाचे आणि सर्वोत्तम झाडाला पदक. इंग्लंडातील संस्थेचे हे पदक फॅररच्याच स्मरणार्थ आहे. त्या प्रदर्शनात उतरण्यास झाड जवळ असावे लागते. चित्राच्या स्पर्धेत ते असावे लागत नाही. तेथे बागेतील झाडांसाठी वर्ग असतो, तसा रानात, आपल्या जागी वाढणाऱ्या झाडांसाठीही असतो; आणि चाळीत किंवा तिसऱ्या मजल्यावर राहणारा, ज्याच्या मालकीची मूठभर माती नाही असा मनुष्यही त्यात बक्षीस मिळवू शकतो. ‘माझ्याकडे हे झाड आहे’ असे म्हणण्यात जी प्रतिष्ठा होती, ती ‘मी तेथवर जाऊन हे पाहिले’ असे म्हणण्यात येऊ लागली. एरिट्रिकियम तर अशा चित्रांखेरीज कोणाच्या हाती लागणारच नव्हते.

हिंदुस्थानशी या कथेचा जो संबंध येतो तो गढवालात. १९३१ साली कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइद आणि त्याचे सोबती धुक्यातून भ्युंदार खोऱ्यात उतरले आणि फुलांत गुडघाभर बुडाले. तेथील मेंढपाळांना हे खोरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. जगाला ते ‘फुलांचे खोरे’ म्हणून कळले ते स्माइदच्या १९३८ सालच्या पुस्तकाने. १९३७ साली तो मुद्दाम तेथे येऊन राहिला होता. त्याने बिया आणि नमुने नेले, आणि तो निष्णात छायाचित्रकार असल्याने चित्रेही नेली. जोन मार्गारेट लेग या बाई १९३९ साली तेथेच वनस्पती गोळा करताना कड्यावरून घसरून मृत्यू पावल्या. त्यांची समाधी खोऱ्यात आहे. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता तेथून फूल तोडून आणता येत नाही. चित्र आणता येते. गुरे-मेंढ्यांची चराईही बंद झाली. ज्यांची कुरणे गेली त्या गावकऱ्यांना कोणत्याही स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

कॅमेरा निरुपद्रवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. चित्र स्वच्छ यावे म्हणून भोवतालचे गवत उपटणारे, चांगल्या कोनासाठी शेजारचे रोप कोपराखाली चिरडणारे हौशी छायाचित्रकार हे काही क्वचित दिसणारे प्राणी नव्हेत. दुर्मिळ झाडाचा नेमका ठावठिकाणा छापला म्हणजे पुढल्या वर्षी तेथे खुरपेही येते. म्हणून जाणते लोक डोंगराचे नाव सांगतात, कड्याचे सांगत नाहीत. उलट, काहीच न सांगणेही बरे नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातील ३०२ शिखरांवरील जुन्या वनस्पतीनोंदी तपासल्या, तेव्हा हवा तापत चालल्याने खालच्या वनस्पती दिवसेंदिवस अधिक वेगाने माथ्यावर चढत आहेत, असे दिसून आले. ज्या जाती आधीच माथ्यावर आहेत त्यांना आणखी वर जाण्यास जागा नाही. अशा तपासात उपयोगी पडते ती स्थळ, उंची आणि तारीख यांसह केलेली नोंद. नुसत्या देखण्या चित्राचा तेथे काही उपयोग नाही.

कोडाक्रोम बनविणे २००९ साली थांबले, आणि ती धुऊन देणारे शेवटचे दुकान, अमेरिकेत कॅन्सस संस्थानात, २०१० च्या अखेरीस नव्या फिती घेईनासे झाले. पण त्या फिल्मचे रंग अंधारात ठेवल्यास फार टिकतात. जुन्या सभासदांच्या कपाटांतील पेट्यांत त्या चौकोनी स्लाइडा अजून आहेत. पुठ्ठ्याच्या चौकटीवर बारीक शाईने झाडाचे नाव, खिंडीचे नाव, उंची आणि तारीख लिहिलेली, आणि मध्ये थोडेसे जांभळट झालेले निळे फूल.