मठ, मळा आणि प्याला
(बर्गंडीतील एका दिवसाच्या प्रवासाच्या अनुषंगाने)

फ्रान्सच्या पूर्वेकडील दिजों शहरातून सकाळी निघावयाचे, दिवसभरात एकदोन मध्ययुगीन मठ पाहावयाचे आणि सायंकाळी एखाद्या मळ्याच्या तळघरात उभे राहून द्राक्षारस चाखावयाचा, अशा सहली तेथे सर्रास निघतात. आम्हीही अशाच एका सहलीत सामील झालो होतो. गाडी सुटताच आमच्या मार्गदर्शकाने दिवसाचे सार एका वाक्यात सांगून टाकले : मठवासीयांना मिस्साकरिता द्राक्षारस लागे, म्हणून त्यांनी मळे लावले, आणि म्हणून आज तुम्ही येथे आहात. वाक्य सुटसुटीत होते व सर्वांना आवडले. आम्हासही प्रथम आवडले. परंतु दिवस जसजसा उलटत गेला, तसतसे ते अपुरे वाटू लागले. इतकेच नव्हे, तर त्यात एक मोठी गोष्ट झाकली जाते असे आमच्या ध्यानी आले.

पहिला मुक्काम फाँतने. बर्नार्डने १११८ साली स्थापिलेला हा मठ एका अरुंद, झाडीने भरलेल्या दरीत आहे. येथील मंदिराचे अभ्यंग ११४७ साली पोप तिसरे यूजीन ह्यांच्या हस्ते झाले. आत चित्र नाही, रंग नाही, उंच मनोरा नाही. केवळ दगड आणि प्रकाश. राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला व तेथे कागदाचा कारखाना निघाला. कारखान्याला इमारतींची गरज होती, म्हणूनच त्या वाचल्या! आवाराच्या एका कडेला मठाची लोखंडाची भट्टी आहे. मंदिराइतकीच तीही भक्कम बांधलेली आहे. श्रमाला ह्या लोकांनी किती मान दिला होता, ते ही भट्टी पाहून कळते.

त्यानंतर दक्षिणेस सितो. १०९८ साली रॉबर्ट, आल्बेरिक व स्टीफन हार्डिंग हे मोलेमचा मठ सोडून काही बंधूंसह येथे आले. बेनेदिक्ताचा नियम जसा लिहिला आहे तसा पाळावयाचा, हा त्यांचा निर्धार. दशमांशाचे उत्पन्न नको, खंड नको, वेठीचे कूळ नको. स्वतःच्या हातांनी कष्ट करून खावयाचे. आज येथे त्या काळचे जवळजवळ काहीच उरलेले नाही. जुने ग्रंथालय व सतराव्या शतकातील एक प्रचंड इमारत, एवढेच पाहावयास मिळते. १८९८ साली ट्रॅपिस्ट बंधू येथे परत आले व पुढे चीज तयार करून त्यांनी आपला चरितार्थ चालविला. परंतु पाहण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे येथील जमीन. ती सखल व दलदलीची आहे. स्थळाचे नावही लव्हाळ्यांवरूनच पडले असे बहुतेक मानतात. अशा जमिनीत द्राक्षवेल नीट वाढत नाही. तेव्हा मळा हवा तर तो पश्चिमेकडील टेकड्यांच्या उतारावरच करणे भाग होते. स्थापनेच्या त्याच वर्षी बर्गंडीचा ड्यूक यूद ह्याने मर्सो येथील एक मळा मठास दिला. दारिद्र्याचे व्रत आणि मळ्याची मालकी ही दोन्ही अशी एकाच वर्षी जन्मास आली.

आता प्रश्न असा, की एवढा द्राक्षारस कशासाठी? बेनेदिक्ताच्या नियमाच्या ४० व्या प्रकरणात प्रत्येक बंधूस दिवसाला एक ‘हेमिना’, म्हणजे अदमासे पाव लिटर द्राक्षारस मान्य केला आहे. तोही काहीशा नाखुषीनेच : खरे पाहता मद्य मठवासीयांसाठी नव्हे, पण आजच्या मंडळींना हे पटवावे कसे, असा तेथील सूर आहे. पाहुण्यांचे आदरातिथ्य हाही नियमाचाच भाग होता. आणि उरलेला माल बाजारात जाई. मिस्साकरिता लागणारा द्राक्षारस ह्या सर्वांपुढे अगदीच थोडा. चार थेंब व चार पिंपे ह्यांतील हा फरक आहे.

शिवाय बारा ते तेरा ह्या शतकांत पश्चिमेकडील मंडळीत दुसराच एक बदल चालू होता. सांडण्याच्या भीतीने आणि ख्रिस्त एकेका रूपात पूर्णपणे उपस्थित आहे ह्या शिकवणुकीच्या आधारे, सामान्य भाविकांकडून प्याला हळूहळू काढून घेण्यात आला. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे ज्या काळात मळे वाढत होते, नेमक्या त्याच काळात वेदीवरून प्याला घेणारे ओठ कमी होत होते. मार्गदर्शकाचे वाक्य इथे मोडते.

मग ह्या मळ्यांत राबत कोण होते? वेदपाठकांसारखे दिवसारात्री सात-आठ वेळा स्तोत्रगायन करणाऱ्यांना दूरच्या टेकडीवरची छाटणी, बांधणी व तोडणी करणे शक्य नव्हते. म्हणून सितोच्या मंडळींनी आरंभीच ‘कॉन्व्हर्सी’ म्हणजे लौकिक बंधू घेतले. हे बहुधा शेतकरी घरांतून आलेले, दाढी राखणारे, व्रतबद्ध पण दीक्षाविरहित असे लोक. त्यांचे भोजनगृह वेगळे, निजण्याची जागा वेगळी, मंदिरातही जागा पश्चिमेकडची. मठाधिपतीच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते. त्यांनी पुस्तक बाळगू नये, प्रभूची प्रार्थना, मतांगिकार व थोडे काही एवढेच तोंडपाठ करावे, असा नियम होता. आमच्या धर्मशिक्षक वाचकांनी ह्या शेवटच्या कलमावर अंमळ थांबावे.

ह्या बंधूंना आपली स्थिती नेहमीच गोड वाटली असे नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक मठांत त्यांच्या बंडाळ्या नोंदल्या आहेत. वेल्समधील कुम्हिर मठाच्या मठाधिपतीने बीअर बंद केली, तेव्हा ११९५ साली बंधूंनी त्याचे घोडेच पळवून नेले. आम्हास हसू आले, हे कबूल केले पाहिजे. पण ज्याने दिवसभर दुसऱ्याच्या पेल्यासाठी राबावे त्याचा स्वतःचा पेला काढून घेतला, तर त्याने काय करावे? तेराव्या शतकात सिस्टर्शियन संघातही वेदीवरचा प्याला बंद झाला. लौकिक बंधूंना पुढे भाकरीच मिळाली. वेलीचा रस नाही.

सायंकाळी क्लो द वुजो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून देणगी, खरेदी व अदलाबदल करून सितोने हा मळा जोडत नेला. १३३६ सालापर्यंत त्यास तटबंदी झाली होती. आतील क्षेत्र सुमारे ५० हेक्टर. मध्यभागी बाराव्या शतकातील कोठार, आणि द्राक्षे दाबण्याची चार अजस्र लाकडी यंत्रे. तुळया एवढ्या जाड, की हे माणसांच्या हातांनी फिरत असेल हे प्रथम पटत नाही. मठवासी माती चाखून जमिनीची पारख करीत, उताराच्या वरच्या भागातील द्राक्षारस पोपसाठी राखीत, अशा कथा येथे ऐकावयास मिळतात. त्यांना आधार नाही. मठाधिपती झाँ द बुसिएर ह्याने पोप अकरावे ग्रेगरी ह्यांना तीस पिंपे भेट पाठविली, म्हणून तो कार्डिनल झाला, असेही सांगतात. तो १३७५ साली कार्डिनल झाला एवढे खरे. उरलेले दुकानदाराच्या पदरचे असावे. १७९१ मध्ये मळ्याचा लिलाव झाला. पुढे १८८९ पर्यंत तो एकसंध राहिला, आणि आता ऐंशीच्या आसपास मालकांत वाटला गेला आहे. एकाच भिंतीआड तितक्याच तऱ्हेच्या चवी!

आम्ही चाखले. आमच्यातील दोघांनी नकार दिला. त्यांच्या मंडळ्यांत प्रभुभोजनास न आंबवलेला द्राक्षांचा रसच असतो. १८६९ साली अमेरिकेत वेल्श नावाच्या दंतवैद्याने तो टिकविण्याची रीत काढल्यापासून अनेक मेथडिस्ट मंडळ्यांत तो रूढ झाला. कोणी त्यांना आग्रह केला नाही. कॅथलिक सोबत्यांपैकी एकाने १९६३ च्या धर्मसभेची आठवण काढली, जिने ठराविक प्रसंगी सामान्यांनाही दोन्ही रूपांत प्रसाद घेण्याची वाट पुन्हा उघडली. त्यावर बराच वेळ बोलणे झाले. तुळयांकडे मग कोणी पाहिले नाही.

क्लेर्व्होला जाणे त्या दिवशी जमले नाही. ते शँपेनमध्ये, बरेच उत्तरेस आहे. बर्नार्डचा तो मठ १८०८ मध्ये तुरुंग झाला, आणि तो तुरुंग २०२३ मध्ये बंद झाला. मठवासीयांचे भव्य मंदिर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडून त्याचे दगड विकले गेले. बाराव्या शतकातील एक इमारत मात्र आजही उभी आहे : खाली कोठार, वर निजण्याची लांबलचक खोली. ती लौकिक बंधूंची इमारत आहे.