गुडघा बदलला, नोंद कुठे आहे?

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. गुडघा बदलता येतो, हे आमच्या नाशकात अनेकांना तेव्हाच कळलं. तोवर गुडघेदुखी म्हणजे तेल, शेक आणि अल्लाहची मर्जी.

मला मात्र या शस्त्रक्रियेचा खरा इतिहास खुब्यात दिसतो. इंग्लंडच्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी बसवली. ती काही वर्षांतच झिजली आणि झिजलेल्या कणांमुळे आजूबाजूचं हाड खराब होऊ लागलं. चार्नलींनी तेच टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं, बिघडलेले खुबे स्वतः पुन्हा उघडले आणि १९६२ मध्ये पॉलिइथिलीनकडे वळले. त्यानंतरही रुग्णांना वर्षानुवर्षं तपासणीला बोलावत राहिले. नव्या प्लास्टिकपेक्षा मला हे बोलावत राहणं मोठं वाटतं. स्वीडनने १९७५ मध्ये बदललेल्या गुडघ्यांची देशव्यापी नोंदवही सुरू केली, ती याच वाटेवरची.

नोंद नसली की काय होतं? एएसआर नावाचा धातूचा खुबा घ्या. तो बसवलेल्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते आहे, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत दिसलं. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या बाजारातून आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून तो मागे घेतला गेला. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसले होते. पुढे केंद्राच्या समितीने भरपाईचा विचार सुरू केला, तेव्हा साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागेना. झिजणारा कोबाल्ट अंगात घेऊन ही माणसं कुठे फिरत होती, कोण जाणे.

किमतीचं म्हणाल तर १६ ऑगस्ट २०१७ला सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. सरासरी १ लाख ५८ हजारांचा कोबाल्ट-क्रोमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. हा दिलासा खरा, पण तो फक्त सांध्याच्या किमतीपुरता. ऑपरेशन थिएटर, खोली आणि भूल यांचं बिल वेगळंच.

आमच्या मशिदीत मागच्या सफेत खुर्च्या वाढल्या आहेत. नवा गुडघा साधारण ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो; सजदा करून पायांवर बसायला किंवा उकिडवं बसायला त्याहून जास्त लागतं. जास्त वाकेल असं सांगून आलेल्या 'हाय-फ्लेक्स' सांध्याने पुढच्या अभ्यासांत फारसा फरक दाखवला नाही. शरियतने आजाऱ्याला बसून नमाज पढायची मुभा दिलेलीच आहे, तेव्हा खुर्चीची लाज कशाला? मांडी घालून जेवणाऱ्या शेजारच्या आजींची अडचणही तीच. हे ऑपरेशनआधी डॉक्टरांनी बसून समजावलं पाहिजे. बऱ्याच घरी ते टाके काढल्यावर कळतं.

२०१७च्या त्या आदेशाप्रमाणे रुग्णालयाने बिलात सांध्याचं नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवायचा असतो. अम्मी-अब्बांचं ऑपरेशन झालं असेल तर तो कागद मागून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. उद्या कुणी कंपनी सांधा मागे घेऊ लागली, तर तो आपल्या घरात आहे का, हे त्या क्रमांकावरूनच कळेल.