झाडाच्या वर्तुळांचा केक

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त जपानमधल्या कोबे या बंदरात माझा आठवडाभर मुक्काम होता. निघताना तिथल्या एका सहकाऱ्याने हातात एक गोल डबा ठेवला. आत केक होता. कापून पाहतो तर झाडाच्या बुंध्यात असतात तशी एकात एक वर्तुळे! 'खास जपानी वाटतं?' मी विचारले. तो म्हणाला, 'आता जपानीच. पण आणला एका जर्मन कैद्याने.'

या कैद्याचे नाव कार्ल युखहाइम. ऱ्हाइन नदीकाठच्या काउब गावी १८८६ साली जन्मलेला. जर्मनीत पाव भाजणारा बेकर वेगळा आणि केक-पेस्ट्री करणारा कोंडिटोर वेगळा. दोन्ही धंदे उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून शिकायचे. शिकून झाले की तीन वर्षे आणि एक दिवस गावापासून दूर, गावोगावच्या भट्ट्यांवर काम करत हिंडायचे, ही तिथल्या कारागिरांची जुनी रीत. घर सोडणे हा शिक्षणाचाच भाग! त्यामुळे या लोकांना परदेशाचे भय कमीच. लंडनच्या गरीब वस्त्यांतही जर्मन बेकर ठिकठिकाणी होते.

युखहाइम गेला चीनमध्ये. त्सिंगताव हे बंदर १८९८ पासून जर्मनीच्या ताब्यात होते. तिथे १९०८ च्या सुमारास तो नोकरीला लागला आणि थोड्याच काळात स्वतःच्या दुकानाचा मालक झाला. १९१४ साली एलिझेशी लग्न झाले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि नोव्हेंबरात जपान्यांनी त्सिंगताव घेतले. हा साधा दुकानदार, हातात बंदूक नव्हे, पिठाचे भांडे. तरी कैद करून त्याला जपानला नेले. मुलगा जन्मला तेव्हा बाप कैदेत होता. लंडनमधल्या त्याच्या धंदेबंधूंचीही गत फार वेगळी नव्हती. मे १९१५ मध्ये लुसिटानिया बोट बुडाली आणि जमावाने जर्मन बेकरांची दुकाने फोडली. काल ज्यांच्याकडून पाव घेतला, त्यांच्याच काचा!

युखहाइमला पुढे हिरोशिमाजवळच्या निनोशिमा बेटावरच्या छावणीत ठेवले. मार्च १९१९ मध्ये कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन हिरोशिमात भरले. तिथे त्याने 'बाउमकुखन', म्हणजे झाड-केक, मांडला. हा साच्यात होत नाही. आडवा दांडा विस्तवावर फिरवत ठेवायचा, त्यावर पातळ पीठ ओतायचे, भाजले की दुसरा थर. एकेका थराचे एकेक वर्तुळ. घाई केली की बिघडलाच. जपान्यांना तो आवडला. आणि प्रदर्शनाची ती इमारत कोणती? १९४५ च्या बॉम्बनंतर घुमटाचा सांगाडा उरलेली, आज अणुबॉम्बचे स्मारक म्हणून जग जिला ओळखते तीच.

सुटका झाल्यावर तो मायदेशी परतला नाही. बायको-मुलाला जपानला आणले. १९२२ मध्ये योकोहामात दुकान काढले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात ते गेले. मग कोबे, पुन्हा पहिल्यापासून. मला या माणसाचे कौतुक वाटते ते इथे. भांडवल दोनदा बुडाले. हातातली विद्या मात्र ना कैदेत जप्त झाली, ना भूकंपात गाडली गेली.

दुसऱ्या महायुद्धाने उरलेसुरलेही नेले. मुलगा युद्धात गेला, कोबे बॉम्बहल्ल्यांत जळाले. १४ ऑगस्ट १९४५ रोजी, जपानच्या शरणागतीची घोषणा होण्याच्या आदल्या दिवशी, युखहाइम वारला. १९४७ मध्ये एलिझेला जर्मनीला परत धाडण्यात आले.

पण दुकानातल्या जपानी कारागिरांनी गुरूची विद्या टाकली नाही. त्यांनी धंदा पुन्हा उभा केला आणि १९५३ मध्ये एलिझेबाईंना बोलावून घेतले. १९७१ मध्ये निधन होईपर्यंत त्या जपानातच राहिल्या. वर्तुळे म्हणजे दीर्घायुष्य, अशा समजुतीने जपानात हा केक लग्नाच्या पाहुण्यांनाही देतात.