पिस्तुलाची जन्मतारीख

तर झालं असं, की गेल्या शनिवारी सकाळी सकाळी घरमालकीणबाईंनी खालून हाक मारली. अमेरिकेत नोकरीसाठी आल्यापासून मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या. 'तू कॉम्प्युटरवाला ना, मग फोटो मोठे करून वाचता येतील तुला!' आता कॉम्प्युटरवाला म्हटलं की प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं आपल्याकडेच येतं, हा अनुभव पुण्यातही होताच. गेलो.

टेबलावर दहा-बारा फोटो मांडलेले. बाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धात लढले होते. जून १९४४ मध्ये ते नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तिथे एका जर्मन अधिकाऱ्याला पकडलं आणि त्याचं ल्युगर पिस्तूल घेऊन घरी आले, ही त्यांच्या घरातली गोष्ट. बाई ती लहानपणापासून ऐकत आलेल्या. आता ते पिस्तूल गावातल्या छोट्या संग्रहालयाला वडिलांच्या नावानं द्यायचं होतं आणि शेजारी ठेवायच्या कार्डावर चार ओळी लिहायच्या होत्या. मी फक्त 'कुठलं ल्युगर' तेवढं सांगायचं!

पिस्तूल स्वतः हातात घ्यायचा प्रश्न नव्हता. व्हिसावर आलेल्या माणसानं इथे बंदुकीपासून चार हात लांब राहिलेलं बरं. गावातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं ते आधी रिकामं आहे याची खात्री करून सगळ्या बाजूंनी फोटो काढून दिले होते. (तुमच्या घरात असं काही सापडलं तर पहिलं काम हेच. 'ऐंशी वर्षांचं जुनं आहे, काय होतंय' असं म्हणून चाप ओढून बघू नका.)

पहिल्याच फोटोत घोळ. हे ल्युगर नव्हतंच. ल्युगर म्हणजे जर्मन सैन्यानं १९०८ मध्ये घेतलेलं 'पी ०८'. त्याच्या पाठीवर कोपरासारखा दुमडणारा सांधा असतो, गोळी उडाली की तो वर उचलला जातो. दिसायला देखणं, पण बनवायला किचकट आणि महाग. म्हणून १९३८ मध्ये वाल्थर कंपनीचं 'पी ३८' आलं. त्यात तो सांधा नाही, साधी मागेपुढे सरकणारी स्लाइड आहे. फोटोतलं पिस्तूल हे होतं. सैनिक मात्र परत आल्यावर कुठल्याही जर्मन पिस्तुलाला सर्रास ल्युगरच म्हणायचे, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. त्यामुळे इथपर्यंत गोष्टीला धक्का नव्हता.

मग स्लाइडवरची अक्षरं मोठी केली. युद्धात जर्मनांनी कारखान्यांची नावं शत्रूला कळू नयेत म्हणून शस्त्रांवर नावाऐवजी सांकेतिक अक्षरं ठोकायला सुरुवात केली. 'पी ३८' वर मुख्यतः तीन सापडतात. 'एसी' म्हणजे वाल्थर, 'बीवायएफ' म्हणजे माउझर आणि 'सीवायक्यू' म्हणजे श्प्रेवेर्क. पहिल्या दोघांच्या अक्षरांसोबत सालाचे शेवटचे दोन आकडे असतात, श्प्रेवेर्कच्या पिस्तुलांवर साल नसतं. शिवाय सरकारी तपासनिसाचा गरुडाचा शिक्का आणि त्याखाली क्रमांक: वाल्थरला ३५९, माउझरला १३५, श्प्रेवेर्कला ८८. म्हणजे एकच माहिती दोन ठिकाणी. जुळली तर बरं, नाही जुळली तर सुटे भाग जोडून केलेलं पिस्तूल असण्याचा संशय घ्यायचा. नुसत्या नंबरावर विसंबता येत नाही, कारण दहा हजारांच्या आसपास पोचलं की नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, फक्त मागे एक अक्षर लागायचं.

आमच्या फोटोत गरुडाखाली ३५९ होता, अक्षरं होती 'एसी' आणि पुढे आकडा ४५.

मी तीनदा बघितलं. १९४५! जून १९४४ मध्ये हे पिस्तूल अस्तित्वातच नव्हतं. वाल्थरचा त्सेला-मेहलिसचा कारखाना एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याच्या हातात पडला. म्हणजे हे बनलं ते त्या वर्षीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमधली तारीख बिल्डच्या आधीची निघाली.

आमच्याकडे गावात प्रत्येक वाड्यातली तलवार पानिपतावरूनच आलेली असते. आपण हसतो आणि सोडून देतो. पण समोर बसलेल्या बाईंना 'तुमच्या वडिलांची गोष्ट जमत नाही' हे कसं सांगायचं? सांगितलं एकदाचं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, 'म्हणजे बाबा खोटं बोलले?'

मला उत्तर सुचेना म्हणून होल्स्टरचे फोटो उघडले. काळं चामडं, मागच्या बाजूला शिक्का: 'पी ०८', साल १९४१. झाकणाच्या आत एक छोटा कप्पा, रिकामा. ल्युगर उघडायचं हत्यार ठेवायची ती जागा. म्हणजे होल्स्टर खरंच ल्युगरचं होतं! त्यात 'पी ३८' कसंबसं कोंबलेलं. हे होल्स्टर जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत असू शकतं. 'असू शकतं' इतकंच, 'होतं' नाही.

तिसरा पुरावा बाईंनीच पेटीतून काढला. अमेरिकन सैनिकाला जिंकलेली वस्तू घरी न्यायची तर वरिष्ठाच्या सहीचं प्रमाणपत्र लागायचं, तो टाइप केलेला कागद. तारीख जुलै १९४५. मजकूर: 'एक पिस्तूल, एक होल्स्टर'. नंबर नाही, जागा नाही. जर्मनी मे महिन्यात शरण आल्यावर शस्त्रांचे ढीग लागले होते आणि सैनिक आपसात पिस्तुलं विकत, बदलत, पत्त्यांत हरत होते. एखादं ल्युगर नॉर्मंडीत मिळालेलं असेल आणि नंतर हातचं गेलं असेल. किंवा तसं काहीच झालं नसेल. लोखंडाला आपली जन्मतारीख माहीत असते, ते कुणाच्या कमरेला होतं हे ते सांगू शकत नाही.

हे मी बाईंना सांगितलं. वडील खोटं बोलले असं पिस्तूल म्हणत नाही. 'ती गोष्ट माझ्याबद्दलची नाही' एवढंच ते म्हणतंय.

खरं तर त्या कागदानं एक मोठी गोष्ट सिद्ध केली होती. बाजारात युद्धानंतरचीही 'पी ३८' भरपूर आहेत. माउझरच्या कारखान्यात फ्रेंचांनी १९४६ मध्येही ती बनवली, वाल्थरनं १९५७ पासून पुन्हा काढली. १९६८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आयात झालेल्या पिस्तुलांवर आयातदाराचं नाव ठोकलेलं असतं. तसा शिक्का असेल तर ते पणजोबांच्या पिशवीतून आलेलं नाही हे नक्की. बाईंच्या पिस्तुलावर तो नव्हता, आणि वडिलांच्या नावाचा कागद सोबत होता. एका सैनिकानं ते १९४५ मध्ये घरी आणलं, यात आता शंका उरत नव्हती.

संध्याकाळी कार्ड लिहिलं. आधी पिस्तूल, मग होल्स्टर, मग कागद, प्रत्येकाचं साल वेगळं. शेवटच्या ओळीसाठी बाईंनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं: 'बाबा सांगत, की त्यांनी नॉर्मंडीत एक ल्युगर मिळवलं होतं.'

'सांगत' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली. मग म्हणाल्या, 'पिस्तूल घासून चकचकीत करून देऊ का?' मी म्हटलं, अजिबात नको. शिक्के पुसले तर तेही बोलायचं थांबेल.