टाइल्सवरची नक्षी काढणारे हात : घरसजावटीच्या टाइल डिझाइनमधलं करिअर

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल गवंडीकामावर आणि फरशीकामावर पेटते. सकाळी डबा घेऊन निघायचं, दिवसभर गुडघ्यावर बसून फरशी ठोकायची, संध्याकाळी चौरस फुटाचा हिशोब करून घरी यायचं. या कामात हुनर आहे, मेहनत तर आहेच. पण त्या फरशीवरचं फूल, वेल, चौकट काढली कुणी, हा प्रश्न त्या घरांतही सहसा कुणी विचारत नाही.

आमच्या वर्गात अशाच एका फरशी मिस्त्रींची मुलगी आहे. वहीच्या मागच्या पानांवर तिच्या जाळ्याच जाळ्या : षटकोनात चांदणी, चांदणीत फूल. अब्बू पालकसभेला आले आणि म्हणाले, "सर, हिला जरा समजवा. चित्रं काढून पोट भरत नाही." आम्ही विचारलं, "काल तुम्ही जी हायलायटर लावली, तिचं चित्र कुणी काढलं?" ते म्हणाले, "ते मशीन काढतं." मशीन छापतं, काढत नाही. हा लेख त्या उत्तरासाठी लिहिला आहे.

आधी थोडं मागचं

रंगीत टाइल्सची कला आपल्याला परकी नाही. बिदरला महमूद गवानचा मदरसा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ते निळे-पिवळे तुकडे आठवत असतील. इराणातल्या गीलानहून आलेल्या या बहमनी वजिराने १४७२ च्या सुमारास तो बांधला आणि दर्शनी भिंत इराणी पद्धतीच्या टाइल्सने मढवली. आज निम्म्याहून जास्त टाइल्स झडून गेल्या आहेत, तरी उरलेल्यांवरून अंदाज येतो. या कामाला उर्दूत काशीकारी म्हणतात. हा शब्द इराणमधल्या काशान शहराच्या नावावरून आलेला.

पश्चिमेकडे स्पेन-पोर्तुगालला हीच कला गेली. पोर्तुगीज लोक टाइलला 'अझुलेजो' म्हणतात, तो मूळचा अरबी शब्द, अर्थ घासून गुळगुळीत केलेला छोटा दगड. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं मोठं चित्र आहे, १९३५ सालचं, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज कलाकाराचं. सहलीला गेलात तर समुद्रकिनाऱ्यातून अर्धा तास काढून मुलांना ते दाखवा.

आता आपल्या महाराष्ट्रातलं. १९२२ साली मुंबईत फिरोजशा सिधवा आणि रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स कंपनी सुरू केली. काळ स्वदेशीचा होता, नक्षीची फरशी परदेशातून यायची, ती इथेच करून दाखवायची ही जिद्द. जुन्या मुंबईच्या इमारतींत जिन्यापाशी, दिवाणखान्यात जी रंगीत सिमेंटची फरशी दिसते, ती या प्रकारची. मधल्या काळात मोझॅक आणि मग चकचकीत टाइल्स आल्या तशी तिची मागणी ओसरली. आता जुन्या नक्षीला पुन्हा गिऱ्हाईक आहे आणि कंपनीही चालू आहे.

आपल्या भागात मात्र बहुतेक घरांत शहाबादी होती, नंतर कोटा, कडप्पा, चिप्सची फरशी. नक्षी फार तर देवडीत किंवा वाड्याच्या भिंतीवर. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं अजून बघता येतात.

टाइल दोन तऱ्हेची, काम दोन तऱ्हेचं

करिअरचा विचार करताना पहिला फरक इथे कळला पाहिजे.

सिमेंटची नक्षीदार टाइल भट्टीत जात नाही. लोखंडी साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात. जाळीच्या प्रत्येक घरात वेगळा रंग ओततात : पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग. मग जाळी अलगद उचलायची, वर कोरडं सिमेंट-वाळू टाकायची आणि दाबयंत्राखाली दाबायची. नंतर टाइल पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून वर्षानुवर्षं पायाखाली घासूनही नक्षी जात नाही. इथे डिझाइनरचं काम जाळीचं : रेषा किती बारीक जाईल, कोपऱ्यात रंग भरेल का, उचलताना शेजारच्या घरात सांडेल का. तमिळनाडूतल्या आतंगुडीत तर दाबयंत्रही नाही, काचेवर रंग ओतून हातानेच टाइल करतात. ही कमी भांडवलात होण्यासारखी गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरी तऱ्हा सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइडची, म्हणजे आपल्या दुकानांत दिसणाऱ्या जवळपास सगळ्या टाइल्स. यांचं गाव गुजरातमधलं मोरबी. इथे माती दाबून चौकोन करतात, वर काचेचा लेप देतात, त्यावर डिजिटल मशीन शाईने चित्र छापतं आणि मग भट्टी, साधारण ११००-१२०० अंश सेल्सिअस. छपाईची फाइल संगणकावर डिझाइनर बनवतो. पण कागदावरच्या छपाईसारखं हे सोपं नाही. भट्टीत रंग बदलतात. पडद्यावर सुंदर दिसणारा लाल तिथे विटकरी होऊन बाहेर येतो, कारण इतकी आग सोसणारे रंगच मोजके. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल भाजताना आकसते. म्हणून ज्याला चित्र येतं आणि मातीचा, आगीचा स्वभावही कळतो, त्याला कारखान्यात किंमत असते.

दुकानदार बाथरूमसाठी 'डार्क, लाइट आणि हायलायटर' असा सेट दाखवतो. खाली गडद, वर फिकी, मधे चित्राची पट्टी. तिन्हींचा मेळ बसवणं डिझाइनरचं काम. जमिनीच्या टाइलचे वेगवेगळे 'फेस' करावे लागतात, म्हणजे एकच संगमरवरी रेघ हॉलभर सारखी सारखी दिसत नाही.

आता खरं तेही सांगतो. मोरबीतल्या स्टुडिओंत नव्या मुलांचा बराचसा वेळ परदेशी संगमरवराचे फोटो साफ करण्यात जातो. नवीन नक्षी काढायला मिळेलच असं नाही. संगणकाला दोन ओळी सांगून चित्र काढून घेण्याची सोयही आता आली आहे. म्हणून नुसतं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या तीन महिन्यांच्या कोर्सला मोठी फी भरण्याआधी शंभरदा विचार करा. टिकेल तो, ज्याला जागेवर उभं राहून घर वाचता येतं.

घर वाचणं म्हणजे काय

एक उदाहरण घेऊ. दहा बाय बाराची खोली, आठ इंची नक्षीची टाइल. दहा फूट म्हणजे १२० इंच, त्यात १५ टाइल्स. बारा फूट म्हणजे १४४ इंच, त्यात १८. एकूण २७०. कडेने एक ओळ बॉर्डर घ्यायची तर ६२ टाइल्स लागतात, त्यात ४ कोपऱ्याच्या वेगळ्या आणि ५८ सरळ. आत उरल्या २०८. तुटफुटीसाठी पाच-दहा टक्के जास्त, तिरक्या मांडणीत त्याहून जास्त. पण खोली प्रत्यक्षात दहा फूट दोन इंच असते, एक भिंत वाकडी असते, दार मधोमध नसतं. मग मध्य कुठे धरायचा? कापलेली पट्टी कुठल्या कोपऱ्यात लपवायची? पलंग कुठे येणार? हे सगळं आपले मिस्त्री रोज तोंडी करतात. तेच कागदावर काढून गिऱ्हाइकाला आधी दाखवलं, तर त्याला डिझाइन म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेता येतात. म्हणूनच फरशी मिस्त्रींच्या मुलांना या धंद्यात दोन पावलं पुढे जागा आहे असं आम्हाला वाटतं.

गणिताचे शिक्षक म्हणून एक हौसेची गोष्ट. एकाच जातीच्या समभुज-समकोन आकृतीने फट न ठेवता जमीन झाकायची तर आकृत्या तीनच : त्रिकोण, चौरस, षटकोन. पंचकोन घेतला की फट पडते, कारण त्याचा कोन १०८ अंशांचा आणि ३६० ला त्याने भाग जात नाही. आठवीच्या मुलाला हे येतं. याच्या पुढची गंमत जुन्या कारागिरांनी केली. २००७ साली पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या दोन अभ्यासकांनी दाखवलं, की इराणी 'गिरिह' नक्षी पाच आकारांच्या तुकड्यांतून जुळवता येते आणि इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या १४५३ सालच्या वास्तूवर अशी मांडणी आहे जिचं गणित आधुनिक शास्त्राला विसाव्या शतकात उमगलं. आठ टोकांची चांदणी तर कंपास आणि पट्टीनेच होते : एका वर्तुळात दोन चौरस, एक सरळ, एक ४५ अंशांत फिरवलेला. रविवारी मुलांना बसवून करून बघा.

नक्षी बघायची तर आपल्याला लांब जायला नको. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात भोपळ्यावरची आणि दांडीवरची पानं-फुलं बघा. मिरजेहून विजापूर जवळच. तिथे इब्राहिम रौझाच्या दगडी जाळ्या आणि जामा मशिदीचा १६३६ मध्ये रंगवलेला मेहराब आहे. वही-पेन्सिल न्या, नुसता मोबाइल नको.

शिक्षण कुठे

सुरुवात शाळेतच होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा. आपल्या उर्दू शाळांतली मुलं या परीक्षांना कमी बसतात, कारण कित्येक ठिकाणी चित्रकलेचा शिक्षकच नाही. जवळच्या मराठी शाळेत चौकशी करा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुणही मिळतात.

बारावीनंतर (शाखा कोणतीही चालते) सगळ्यात नेमका कोर्स अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत : सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन. प्रवेश डॅट या परीक्षेने, दोन टप्प्यांत; पहिला लेखी, दुसऱ्यात हाताने वस्तू बनवून दाखवायची. वयाची अट आहे, म्हणून 'एक वर्ष घरी बसून बघू' असं दोनदा करू नका. जयपूरच्या भारतीय शिल्प आणि डिझाइन संस्थेत भाजलेल्या मातीच्या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासूनचं, तिथेही सिरॅमिक शिकवतात. महाराष्ट्रात बीएफएला जायचं तर सीईटी द्यावी लागते.

लेकीला लांब पाठवायची तयारी नसेल, तर सांगलीत कलाविश्व महाविद्यालय आहे, कोल्हापुरात कलानिकेतन. आयटीआयमधला ड्राफ्ट्समन सिव्हिलचा ट्रेडही कमी समजू नका. नकाशा काढता आला की अर्धं काम झालं. मात्र सगळ्याच मुलींना घराजवळचाच रस्ता दाखवायचा आणि मुलांना अहमदाबाद, हे आम्हाला पटत नाही. एनआयडीत मुलींचं वसतिगृह आहे.

स्वतःचं काही करायचं असेल

गोव्यात ओरलांडो द नोरोन्हा यांनी पोर्तुगालला जाऊन हाताने टाइल रंगवायचं शिक्षण घेतलं आणि पणजीत 'अझुलेजोस दि गोवा' सुरू केलं. आज गोव्यात घरोघरी दारावर रंगीत टाइलची नावाची पाटी दिसते. आपल्याकडे दारावर संगमरवराची पाटी असते, त्यावर घरमालकाचं नाव आणि 'माशाअल्लाह'. तीच पाटी सुंदर नस्तालीक आणि मराठी अक्षरांत, कडेला वेल, भट्टीत भाजून पक्की केलेली, अशी सातारा-सांगलीत कोण करतं? लहान विजेची भट्टी, तयार पांढऱ्या टाइल्स, काचेचे रंग एवढ्यावर हे घरातून होऊ शकतं. ज्यांना अक्षर वळणदार आहे अशा आपल्या मुली मदरशांत, शाळांत कितीतरी आहेत. एक पथ्य : अल्लाहचं नाव असलेली टाइल पायाखाली, न्हाणीघरात किंवा मोरीजवळ येणार असेल, तर गिऱ्हाइकाला प्रेमाने नाही म्हणायचं.

नवीन नक्षी काढली तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढवून मिळतात. पण नक्षी आधीच जाहीर झालेली नसावी. पोरं उत्साहात आधी इन्स्टाग्रामवर टाकतात आणि मग नोंदणीला जातात, तोवर हक्क गेलेला असतो. पारंपरिक चांदणीची नोंदणी होत नाही, ती सगळ्यांची आहे.

फरशीकाम करणाऱ्या भावांसाठी, विषयाला थोडं सोडून : कटर कोरडा चालवू नका. टाइल कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही. पाणी सोडून कापा, नाकाला साधा रुमाल नको, चांगला मास्क लावा.

पैशाबद्दल. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, प्रवेशाचं पत्र आणि जामीनदार लागतो. जामीनदार शोधण्यात महिना जातो, तेव्हा निकालाची वाट बघू नका. गवंडी आणि कुंभार हे दोन्ही व्यवसाय २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत आहेत. त्यात अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. दाखल्यांवरचं नाव, आडनाव, स्पेलिंग आधारशी जुळतं का ते आधी बघा. आमच्या शाळेत दर वर्षी दोन-तीन मुलांचे अर्ज 'शेख' कुठे आधी आणि कुठे नंतर लिहिलाय, एवढ्यावरून परत येतात.