निम्मे सिलिंडर विश्रांतीवर

वर्गात इंजिन शिकवताना आपण फळ्यावर एकच सिलिंडर काढतो. दट्ट्या खाली येतो आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या वर जातो, मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते. जळालेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात आणि पुन्हा वर येताना तो त्यांना बाहेर घालवतो. निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चालवून दाखवलेले हे चार टप्प्यांचे चक्र मुलांना चटकन समजते. मग एखादी मुलगी विचारते, "मोठ्या गाडीला आठ सिलिंडर असतात ना? गाडी सावकाश चालली असली तरी आठही लागतात का?"

प्रश्न साधा वाटतो, पण अभियंत्यांना त्याने शंभर वर्षे खेळवले. त्याची कसोटी लागली ती प्रचंड ताकदीच्या स्पोर्ट्स गाड्यांमध्ये. म्हणून आपण त्यांचेच उदाहरण घेऊ या.

आधी एक हिशेब करू. सुमारे १६०० किलोग्रॅमची बसकी गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २८ मीटर वेगाने चालली आहे. हवेचा विरोध साधारण ३०० न्यूटन आणि टायरांचा १५० न्यूटन धरू. एकूण ४५० न्यूटन गुणिले २८, म्हणजे साडेबारा किलोवॅट. गिअर वगैरेंमधले नुकसान धरले तरी २० अश्वशक्ती पुरे. अमेरिकेच्या २०१४ च्या शेवरोले कॉर्व्हेटचे इंजिन मात्र ४६० अश्वशक्तीचे होते. म्हणजे हमरस्त्यावर तिच्या ताकदीचा पाच टक्केही भाग वापरला जात नाही.

उरलेली ताकद नुसती पडून राहिली असती तर बिघडले नसते. पण पेट्रोलच्या इंजिनाची एक अडचण आहे. साधारणपणे एक ग्रॅम पेट्रोलला पावणेपंधरा ग्रॅम हवा, हे प्रमाण सांभाळावे लागते. त्यामुळे ताकद कमी हवी असेल तर पेट्रोलबरोबर हवाही कमी करावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेवर एक पडदी असते, तिला थ्रॉटल म्हणतात. ती जवळजवळ मिटली की प्रत्येक दट्ट्याला अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. या ओढाताणीत पेट्रोल खर्च होते, पण गाडी त्याने पुढे सरकत नाही.

हे वर्गात दाखवता येते. सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. तोंडावर बोट अर्धवट धरून दट्ट्या ओढा आणि ढकला. दोन्ही वेळा जोर लागतो आणि परत काही मिळत नाही. आता आत थोडी हवा ठेवून तोंड घट्ट बंद करा, दट्ट्या दाबा आणि सोडा. तो आपणहून बराचसा मागे येतो. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, घेतलेली ऊर्जा बरीचशी परत करते.

सिलिंडर विश्रांतीवर पाठवायचा म्हणजे नेमके हेच करायचे. नुसती ठिणगी बंद करून भागत नाही, कारण तो सिलिंडर हवा ओढतच राहतो. त्याच्या आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या, दोन्ही झडपा मिटल्या पाहिजेत, पेट्रोलही थांबले पाहिजे. मग दट्ट्या कोंडलेल्या हवेवर वरखाली होत राहतो. उरलेल्या सिलिंडरांवर दुप्पट काम पडते, त्यांच्यासाठी थ्रॉटल जास्त उघडावे लागते आणि ओढाताण कमी होते. बचत होते ती इथे.

कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतीसाठी आणि लहान कारखान्यांसाठी 'हिट अँड मिस' नावाची एका सिलिंडरची इंजिने निघाली. वेग ठरावीक मर्यादेबाहेर गेला की एक यंत्रणा बाहेरची झडप उघडीच धरून ठेवी. मग आत मिश्रण येत नसे आणि जड चाकाच्या गतीवर इंजिन फिरत राही. वेग उतरला की पुन्हा एक स्फोट. पाण्याच्या पंपाला हे चालण्यासारखे होते. गाडीत बसलेल्या माणसाला असे धक्के कसे चालतील?

पुढे पेट्रोल स्वस्त होते तोवर फारशी निकड वाटली नाही. १९७३ च्या तेलसंकटाने चित्र पालटले. १९७५ मध्ये अमेरिकेने कायदा केला. प्रत्येक कंपनीच्या नव्या मोटारींची सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल हवी होती. म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरांवरून पावणेबारावर जायचे. १९७८ मध्ये जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर वेगळा करही आला.

जनरल मोटर्सने १९८१ मध्ये कॅडिलॅक गाडीत सहा लिटरचे असे इंजिन दिले, की ते गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरांवर चाले. किती सिलिंडर चालू आहेत तो आकडाही चालकाला समोर दिसे. झडपा मिटण्याची यांत्रिक रचना चांगली होती. तरीही गाड्या धक्के देऊ लागल्या. कित्येक मालकांनी ती यंत्रणाच तोडून टाकली आणि गाडी कायम आठ सिलिंडरांवर चालवली. पुढच्याच वर्षी बहुतेक गाड्यांमधून ती काढून घेतली गेली.

चूक कुठे होती? इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर एक पूर्ण चक्र ०.०६ सेकंदात संपते. तेवढ्यात ठरावीक क्रमाने झडपा मिटायच्या आणि थ्रॉटल नेमके तेवढेच उघडायचे. त्या काळचा संगणक यासाठी मंद होता. शिवाय थ्रॉटल चालकाच्या पायाशी तारेने जोडलेले होते. संगणकाने चार सिलिंडर बंद केले, तरी थ्रॉटल उघडणे त्याच्या हाती नव्हते. कल्पना बरोबर होती, तिला लागणारी सोबत अजून जन्मायची होती. मित्सुबिशीने १९८२ मध्ये १.४ लिटरच्या लहान इंजिनात हाच प्रयोग केला, पण तोही फार पसरला नाही.

ताकदवान गाड्यांनी मग दुसऱ्या वाटा शोधल्या. १९८९ च्या कॉर्व्हेटमध्ये हळू गाडी चालवताना पहिल्या गिअरवरून थेट चौथ्यात जावे लागे. चाचणीत मायलेज चांगले दिसे, चालक मात्र वैतागत.

थ्रॉटल विजेच्या मोटरने हलू लागल्यावर जुनी कल्पना परत आली. मर्सिडीजने १९९९ मध्ये ५.८ लिटरच्या बारा सिलिंडरांपैकी सहा थांबवले. २०१४ ची कॉर्व्हेट निवांत चालताना चार सिलिंडरांवर चाले, आणि हमरस्त्यावरच्या अधिकृत चाचणीत गॅलनला २९ मैल, म्हणजे लिटरला सुमारे बारा किलोमीटर देई. लाम्बोर्गिनीच्या अव्हेंतादोरमध्ये २०१३ च्या मॉडेलपासून ताशी १३५ किलोमीटरच्या आत, भार कमी असताना, बारांपैकी सहा सिलिंडरांची एक पूर्ण रांग विसावू लागली. सरळ रांगेतले सहा सिलिंडर स्वतःच समतोल असतात, म्हणून हे फारसे जाणवत नाही. २०२१ मध्ये आलेल्या, पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुनच्या दीड लिटरच्या इंजिनातही चारांपैकी दोन सिलिंडर असेच थांबतात.

आता थोडे थांबून विचार करू. ही सोय आल्यावरही अव्हेंतादोर १०० किलोमीटरला सुमारे १६ लिटर पेट्रोल घेई. बचत झाली हे खरे, पण कशाच्या तुलनेत? त्याच इंजिनाच्या सर्व सिलिंडर चालवण्याच्या तुलनेत. जी ताकद रस्त्यावर क्वचितच वापरता येते, ती बाळगण्याचा दंड थोडा कमी झाला, इतकेच. जोरात पळवली की सगळे सिलिंडर जागे होतात आणि बचत संपते.

म्हणून त्या मुलीला दोन उत्तरे द्यावीत. सावकाश चालताना आठही सिलिंडर लागत नाहीत, आणि चार थांबवायला माणसाला शंभर वर्षे लागली. मग तिलाच विचारावे, की चार पुरत होते तर आठ घेतले कशाला? या प्रश्नाचे उत्तर फळ्यावरच्या आकृतीत नाही. त्यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी.